पोत्याला बांधलेली चिंधी

सकाळी सुपात तुरीची डाळ घेतली की आधी तिचा वास येतो. कोरडा, किंचित तेलकट, उन्हात तापलेल्या अंगणासारखा. दोनदा पाखडलं की हलकं सगळं पुढे येतं आणि उडून जातं, मागे जड डाळ राहते, आणि तिच्यात कुठेतरी खडा असतो. तो डाळीच्याच रंगाचा असतो, डाळीएवढाच असतो. ज्यांनी कधी डाळ निवडली आहे त्यांना ठाऊक असेल, डोळ्याला तो पुष्कळदा दिसत नाही, बोटाला कळतो. शाळेच्या खिचडीची डाळ मी अशी रोज ओट्यावर बसून निवडते. बोटं डाळीत असतात आणि मन तीस वर्षं मागे जाऊन जळगावच्या एका दालमिलच्या पत्र्याखाली बसतं. पूर्वी ते तिथून शांत होऊन परत यायचं. हल्ली रागावून येतं.

लग्न होऊन पिंपळनेरकडच्या खेड्यातून मी जळगावला आले, तेव्हा सासरच्या शेजारणीबरोबर त्या मिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागले. वीस-बावीस बाया ओळीने बसायच्या. प्रत्येकीपुढे सूप, बाजूला पोतं. मिलचा मालक मारवाडी होता, थोडं बोलणारा. तो शिवलेल्या पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर डाळ काढायचा, हातावर पसरायचा, आणि मान हलवून पुढच्या पोत्याकडे जायचा. पोतं कोणाचं हे त्याला विचारावं लागत नसे. तिथे एक पद्धत होती. आपण निवडलेलं पोतं शिवताना त्याच्या तोंडाशी आपल्या लुगड्याची, साडीची एक चिंधी सुतळीत अडकवायची. हिरवी माझी, पिवळी शेजारणीची, काठाची विटकरी अक्कांची. खडा निघाला तर पोतं चिंधी बघून त्या बाईपुढे परत यायचं आणि तिने सगळ्यांच्या देखत ते पुन्हा निवडायचं. ओरडा नाही, शिक्षा नाही. तुझं आहे, तू बघ, एवढंच.

अक्का आमच्यात सर्वांत मोठ्या. उंच, हाडकुळ्या, तपकीर ओढणाऱ्या. बोलणं अस्सल आमच्या खेड्याकडचं, शहरात इतकी वर्षं राहूनही तसूभर न बदललेलं. त्यांच्या हाताखाली बसायला मिळालं म्हणून मला निवडणं आलं, आणि दुसरीही एक गोष्ट कळली, ती अशी.

एका दिवशी मला कणकण होती. डोळ्यांपुढे डाळ पोहत होती. अर्धं पोतं मी नुसतंच सुपातून पोत्यात ओतलं. संध्याकाळी शिवायची वेळ आली आणि माझा हात थांबला. चिंधी काढली, पुन्हा कमरेला खोचली, आणि पोतं तसंच शिवून थप्पीला लावलं. एवढ्या पोत्यांत कोण बघतंय? अक्का जाता जाता थप्पीपाशी थबकल्या.

"तुनी चिंधी कोठे शे?"

"विसरनू, अक्का."

"विसरनी नहीं तू. भ्यायनी."

त्यांनी पोतं ओढून खाली आडवं केलं, स्वतःच्या हाताने शिवण उसवली आणि डाळ ताडपत्रीवर पसरली. "बस आते," म्हणाल्या, आणि स्वतःही समोर बसल्या. बाकीच्या बाया घरी गेल्या. आम्ही दोघी निवडत राहिलो. त्या रागावल्या नाहीत, मधूनच माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहत होत्या. शेवटी माझ्या तळव्यावर त्यांनी खडे ठेवले. "सात खडा निंघनात. सात दात वाचनात." मग माझ्या कमरेची चिंधी ओढून माझ्याच हातात दिली. मी ती बांधली. त्या दिवसापासून मी मिल सोडेपर्यंत माझं एकही पोतं बिनचिंधीचं गेलं नाही.

पुढे यंत्र आलं. काच लावलेल्या पेटीतून डाळ पडते आणि यंत्र रंग बघून खडा बाजूला फुंकतं, असं म्हणतात. यंत्रावर माझा राग नाही. बायांचे डोळे वाचले, कंबरा वाचल्या. अक्का काही वर्षांनी गेल्या, मिलच्या जागी आता मोठं दुकान आहे. मला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं आणि मी चिंधी विसरलेच. शाळेत येतं ते पोतं पांढरं, गुळगुळीत, यंत्राने शिवलेलं. त्यावर इतकं छापलेलं असतं की चौथीपर्यंत शिकलेल्या मला वाचायला सकाळ पुरत नाही. यंत्राने स्वच्छ केलेली, हे ठळक अक्षरात असतं. कोणी स्वच्छ केली, ते कुठेच नसतं.

या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या जोडीची बाई रजेवर होती. सिलिंडर उशिरा आला. डाळ निवडायचा नियम आहे, पण पोत्यावरची ठळक अक्षरं माझ्या सोयीची होती. मी डाळ धुतली आणि थेट पातेल्यात टाकली. जेवणाच्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी, चिमुकली, दोन वेण्यांची, हातातला घास टाकून गाल धरून उभी राहिली. ताटात रक्ताचा थेंब होता. खडा होता. दाढेचा कोपरा तुटला होता, आणि दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मी सूप खाली ठेवते. मुख्याध्यापक सर म्हणाले, डाळ वरून येते, आम्ही काय करणार. डाळ पुरवणाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर आला, पोत्यावरची अक्षरं बोटाने दाखवली आणि म्हणाला, "यंत्रातला माल आहे सर, खडा येऊच शकत नाही. पोरगी मैदानात खेळत होती ना? मग टाकला असेल तोंडात." चव पाहून सही करायची एक वही असते. त्या दिवशीच्या रकान्यात 'चव उत्तम' लिहून सही होती. पुढच्या दोन दिवसांच्या रकान्यातही होती. खिचडी अजून शिजायची होती, चव आधीच घेऊन झाली होती. आणि मग एक कागद तयार झाला, की मुलीने खेळताना तोंडात खडा घातल्याने इजा झाली. खाली स्वयंपाकी म्हणून माझी सही हवी होती.

मुलगी दारात उभी होती. सुजलेल्या गालातून म्हणाली, "मी नव्हता टाकला." कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

"इथे करा मावशी सही."

"चष्मा घरी राहिला, सर."

"मग उद्या आणा. पळून जात नाही कागद."

सर हसले. चष्मा माझ्या पिशवीत होता. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. पण त्या दिवशी तो स्वभाव नव्हता. अक्कांनी नेमका शब्द वापरला असता, भ्यायनी. एक-दोन नव्हे, तीन दिवस माझा चष्मा घरीच राहिला.

चौथ्या दिवशी मी कागद घेतला. छापल्यासारख्या सुंदर अक्षरांच्या खाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'डाळ मी निवडली नाही. खडा डाळीतला होता.' खाली सही केली. सरांनी वाचलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, तुमचं नाव कोणी विचारलं होतं का?"

त्यांना खरंच नवल वाटत होतं, आणि मला राग आला तो या नवलाचा. ते वाईट नाहीत. आजारी मुलाला स्वतःच्या गाडीवरून घरी सोडतात. पण न विचारता कोणी म्हणावं, की हे माझ्या हातून झालं, हे त्यांना वेडेपणाचं वाटलं. पुरवणारा म्हणतो यंत्र, शाळा म्हणते वरून, वरचे म्हणतात कागद बघा, आणि कागद म्हणतो पोरगी. इतकी मोठी माणसं, इतक्या सह्या, आणि सगळ्यांच्या हातून निसटलेला खडा शेवटी जिथे थांबला ती एका आठ वर्षांच्या पोरीची दाढ.

त्याच दुपारी मी मुलीच्या घरी गेले. आई दुसऱ्यांची धुणीभांडी करून नुकतीच आली होती, ओले हात पदराला पुसत होती. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, की डाळ माझ्या हातची होती, मी निवडली नव्हती, तुमची मुलगी खरं बोलते. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. ती भिंतीला टेकली.

"आते सांगस तू? चार दिन व्हयनात. खोटं बोलस म्हनीसन मी पोरले मारं."

शाळेतून आलेल्या शिकलेल्या माणसांनी सांगितलं म्हणून तिने खरं मानलं होतं, आणि तोंडात खडे घालते, वर खोटं बोलते म्हणून त्या सुजलेल्या गालावर दोनदा हात उचलला होता. मुलगी आतल्या चटईवर बसून पाहत होती. माझ्याकडे नाही, आईकडे. मी माफी मागितली ती दोघींची, पण माझ्या तीन दिवसांचा हिशेब त्या घरात असा बसला होता की माफीला तिथे जागाच नव्हती. आईने मला पाणी विचारलं नाही. तिचं बरोबर होतं.

तो कागद नंतर दिसला नाही. दुसरा झाला, त्यावर माझी सही लागली नाही म्हणे. पुढच्या वर्षी काम राहील की नाही, कोणी स्पष्ट सांगत नाही. स्पष्ट सांगायला कोणीतरी ते सांगणारा असावा लागतो.

आता मी पोतं आलं की उसवते, सगळं निवडते, पुन्हा शिवते आणि तोंडाशी माझ्या साडीची हिरवी चिंधी अडकवते. मुलं दारातून ते बघत असतात. जोडीची बाई हसते, "काय मावशी, पोत्याला नवस बोललात का?" निघालेले खडे मी चव पाहायच्या वहीवर ठेवून येते. कधी तीन, कधी पाच. सर सही करण्याआधी ते बोटाने झटकतात. खडे फरशीवर पडतात, टेबलाखाली जातात, आणि 'चव उत्तम' लिहिलं जातं.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी ओळीत बसते. घास डाव्या बाजूला नेऊन सावकाश चावते. माझ्याशी बोलत नाही. पण ताट पुढे करण्याआधी ती मान वळवून स्वयंपाकघराच्या दारातून आत, पोत्याच्या तोंडाशी बांधलेल्या चिंधीकडे बघते. रोज बघते. मगच ताट पुढे करते.