छत्रीवर न लिहिलेली पदवी

इस्लामपूर सोडलं त्या सकाळी गाडीत बॅगा चढत होत्या आणि तुम्ही सगळ्या मैत्रिणी दारात उभ्या होतात. हे गेल्यावर मी एकटी कशी राहणार म्हणून लेक वैशाली मला नेदरलँड्सला न्यायला आली होती. कुणी लाडू दिले, कुणी मेतकूट. शेजारच्या शांताकाकू खिडकीतून वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "तिथलाच एखादा बघ गं पोरीसाठी. गोरा असला तरी चालेल आता." वैशालीनं ऐकलं. काच वर केली.

आता डेल्फ्टला दोन वर्षं होतील. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव लागलंय. कालव्याकाठी फिरायला जाते, सायकलची घंटा वाजली की बाजूला होते. आपल्याकडे दार उघडं दिसलं की माणूस आत यायचा, इथे आधी मेसेज करून विचारतात. वेन मात्र न विचारता येते. वैशालीच्या विद्यापीठात पीएचडी करणारी चिनी मुलगी, तेहतीस वर्षांची. मला मावशी म्हणते, एवढंच तिचं मराठी; बाकी आमचं बोलणं वैशाली मधे सांगते. आणि ठेचा नुसता चमच्यानं खाते. मी तर हातच जोडले.

एका रविवारी तिनं फोनवर फोटो दाखवला. तिच्या गावातल्या बागेत छत्र्या उघडून जमिनीवर ठेवलेल्या, पाऊस नाही काही नाही, प्रत्येक छत्रीवर कागद टाचलेला. एका छत्रीमागे स्टुलावर तिची आई. लग्नाच्या मुलामुलींचे आईबाप सुट्टीच्या दिवशी तिथे बसतात म्हणे. आपल्या वधू-वर मेळाव्यासारखंच, फक्त मुलगी तिथे नसते. वेननं कागद वाचून दाखवला. वय, उंची, नोकरी, स्वभाव शांत.

"आणि पीएचडी?" मी विचारलं.

"ते आईनं गाळलंय. म्हणते, एवढी शिकलेली दिसली की लोक पुढच्या छत्रीकडे जातात."

वैशाली उठून भांडी घासायला गेली. डिशवॉशर असताना.

तिला का लागलं ते मलाच ठाऊक. तिच्या बायोडेटावरची पीएचडी मीही काढून टाकली होती. डीटीपीवाल्याला म्हटलं, बी.ई.पर्यंतच ठेव बाबा. बघायला आलेल्या लोकांनी सहज विचारलं, "पुढे शिकावंसं वाटलं नाही का?" पोरीनं चहाचा ट्रे उचलला आणि आत गेली. वर्षाच्या आत तिनं इथली नोकरी घेतली. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, एका घरात राहूनही नाही.

वेनची पदवी तीन महिन्यांवर आली होती. इथे ती भर सभेत मिळते. प्राध्यापक काळे झगे घालून प्रश्न विचारतात, घरचे पुढच्या रांगेत बसतात. वेनला आई हवी होती. आईचं एकच, "लग्नाला बोलाव, तेव्हा येईन."

"मावशी, तुम्ही बोला ना तिच्याशी," वेन म्हणाली. "तुम्हीही आईच आहात."

व्हिडिओ लावला. माझं मराठी वैशाली इंग्रजीत सांगणार, तिचं इंग्रजी वेन चिनीत. नमस्कार-चमत्कार झाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मीही पोरीची पदवी लपवली होती. लाज नव्हती हो, भीती होती. पण तिला ती लाजच वाटली. चुकलं माझं."

वैशालीनं माझ्याकडे वळून पाहिलं. मग वैशालीनं हळूहळू सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

वेननं ते चिनीत सांगितलं. पलीकडून बाईंनी विचारलं, "तिथे थंडी किती असते?"

आल्या. पुढच्या रांगेत आम्ही शेजारी बसलो, समोर चाललेल्यातलं दोघींना अक्षर कळलं नाही. नंतर चहापानाला त्यांनी वैशालीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. वेनला हसू आवरेना.

"मावशी, आई विचारतेय, हिचं लग्न झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टर आहे ती. पीएचडी केलीय."

मैत्रिणींनो, फोनवर तुम्ही अजून विचारता, जमलं का काही? विचारा, राग नाही. गाव कुठलं म्हटलं की माझ्याही तोंडात अजून इस्लामपूरच येतं. पण त्या संध्याकाळी वैशाली सायकल हातात धरून माझ्या चालीनं चालत होती. "दमलीस ना आई? चल, घरी गेल्यावर चहा टाकते," म्हणाली. इतके दिवस मी लेकीच्या घरी जायचे. त्या दिवशी घरी गेले.