आत्याची ओळ आली नाही

माझी आत्या बेसूर गाते, आणि हे मी तिला लहानपणापासून तोंडावर सांगत आले आहे. मी विशारद. भंडाऱ्यात गाण्याचे वर्ग घेते. रियाजाशिवाय गळ्यातून जे निघतं त्याला मी गाणं म्हणत नाही, ओरडणं म्हणते. नाकाडोंगरीजवळच्या तिच्या गावी गेले की आमचा यावरून वाद ठरलेला. "तुह्यासारखी शिकत बसली असती तं मोहफुलं कोनं वेचली असती?" असं म्हणून ती मला गप्प करते.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात गेले, तेव्हा गावात वाघाचंच बोलणं होतं. तलावाच्या बांधावर त्याचे पंजे उमटले होते. तरी मोहफुलं पडायची थांबत नाहीत, म्हणून वेचणाऱ्या बायकाही थांबत नाहीत. उजाडताच आत्या निघाली. तिला तशीच जाऊ द्यायला मन धजेना, म्हणून मीही टोपली घेतली. खरं सांगते, वाटभर मी बायकांच्या मधोमध चालले.

आम्ही सहाजणी होतो. रानात पोचल्यावर जिची तिची झाडं वेगळी, एकमेकी दिसत नाहीत. म्हणून या बायकांची एक रीत आहे. एकीने गाण्याची ओळ टाकायची, पुढचीने तीच उचलायची, अशी ती सगळ्या झाडांखालून फिरत राहते. "मी या झाडाखाली वो बाई, तू कोन्या झाडाखाली?" एवढंच गाणं. चाल अशी नाहीच. वाटेत आत्याने मला बजावलं होतं, "वाघ दिसला का बाईच्या तोंडून आवाज निंघत नाई. जिची ओळ नाई आली, तिच्याकडं साऱ्याईनं कल्ला करत धावाचं. समजलं?"

समजलं म्हणाले.

पहिल्या दोन फेऱ्या मी कशीबशी पुटपुटले. वाळकं पान वाजलं की हात थांबायचा. एकदा मागे खसखस झाली, वळून पाहिलं तर रानकोंबडी. तरी दर दोन फुलांमागे मी वळून पाहत होते. तिसऱ्या फेरीला माझी पाळी आली, तेव्हा स्वतःलाच धीर द्यावा म्हणून ती ओळ मी भैरवात गायले, आणि सूर लागला. असा लागला की मला थांबवेना. त्याच ओळीवर आलाप घेतला, पुन्हा घेतला. भीती उतरत गेली आणि डोळे आपोआप मिटले. कुणीच ओळ उचलत नव्हतं. सगळं रान गप्प होतं, आणि मी ती दाद समजले. खोटं कशाला बोलू, मनात आलंही, बघ आत्या, याला गाणं म्हणतात.

थांबले, तेव्हा पलीकडच्या झाडाखालची बाई भानावर आली आणि तिने ओळ उचलली. मग तिच्या पुढचीने. मग आत्याची पाळी.

ओळ आली नाही.

हाक मारायला तोंड उघडलं, तर इतक्या वर्षांच्या रियाजाच्या गळ्यातून नुसती हवा निघाली. बाकीच्या चौघी बरोबरचे पाण्याचे डबे बडवत, किंचाळत धावत सुटल्या होत्या. मी त्यांच्यामागे. पुढे काय दिसेल या विचाराने मला बघवत नव्हतं.

आत्या खोडाला पाठ लावून बसली होती. पदराचा बोळा तोंडात, टोपली उपडी. वीसेक पावलांवर नाल्याच्या रेतीत ताजे पंजे होते, पलीकडच्या झुडपाकडे गेलेले; आमचा कल्ला ऐकून वाघ तिकडे शिरला होता. तिला दोघींनी धरून उठवलं. एकीने माझ्याकडे न बघता माझी टोपली उचलून घेतली.

आत्याला वाचा फुटली ती दुपारी, चहाचा कप दोन्ही हातांत धरल्यावर. तो तिच्यासमोर बसून होता म्हणाली. नुसता पाहत होता. तिला ओरडता येईना, उठता येईना. माझी ओळ संपेल, फेरी तिच्यापर्यंत येईल, तिची ओळ येणार नाही आणि कुणीतरी धावेल, एवढ्या आशेवर ती श्वास धरून बसली होती.

"अन् तू संपवूनच नाई राहिली," ती म्हणाली.

मी तिच्या पायांशी बसून रडायला लागले. मी कशाला गायले, पुन्हा तोंड उघडणार नाही, असं काहीबाही बोलत राहिले. तिने कप खाली ठेवला. मग हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"काहून रडतं वो पोरी? गोड होतं तुहं गानं. तो कवा येऊन बसला, मले समजलंच नाई. मीबी आयकूनच राहिली होती."