आतल्या खोलीतला हंडा

गंगेकाठी रामघाटावरच्या आमच्या घरात, आतल्या खोलीत, कल्हईचा एक मोठा पितळी हंडा आहे. वडिलांचं चातुर्मासाचं व्रत असतं: चार महिने गंगेचंच पाणी प्यायचं, नळाचं नाही. पुढे नदी चढते, घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. म्हणून आषाढातच भाड्याची होडी करून मधल्या धारेतून पाणी आणायचं, हंडा भरायचा, वर फडकं टाकायचं. सोवळ्यात नसेल त्याने त्याला शिवायचं नाही. रोज त्यातलं पाणी काढायची माझी बायको. सकाळी सोवळं नेसून ती त्या खोलीत शिरली की नैवेद्य होईपर्यंत तिथेच असायची.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या गल्लीत डेंगू आला. साचलेलं पाणी तपासायला नगर निगमकडून एक बाई घरोघर फिरत होत्या. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. तपासलेल्या दारावर खडूने तारीख लिहायच्या. आमच्या दाराशी आल्या तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. उभा जन्म लोकांना नियम दाखवण्यात गेला, त्यामुळे मला कुणी नियम दाखवला की माझं डोकं फिरतं. मी लेखी आदेश मागितला. त्यांनी पिशवीतून काढून दिला. तो मी दोनदा वाचला, त्यात चूक सापडेना, म्हणून आणखीच चिडलो.

"कूलर देखिए, छत देखिए. अंदर का कमरा नहीं," मी म्हणालो. "वहाँ पिताजी का गंगाजल है. उसमें कीड़े नहीं पड़ते."

"बाबूजी, मच्छर को थोड़े पता है कि गंगाजल है," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस टॉर्च मारके देख लेंगे."

मागून बायको म्हणाली, "अहो, लांबूनच तर बघतील. बघू द्या की."

"तू थांब," मी म्हणालो. मग त्या बाईंना सुनावलं की घर माझं आहे, त्यात काय झाकायचं आणि काय उघडायचं ते मी ठरवीन. त्या कूलर बघून गेल्या. दारावर तारीख लिहिली नाही. आपण जिंकलो असं मला वाटलं, हे आज सांगायलाही नको वाटतं.

दहा-बारा दिवसांनी बायकोला ताप चढला. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. तपासणीत डेंगू निघाला. प्लेटलेट इतक्या उतरल्या की दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन दिवस काही सांगता येत नाही. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो.

कपडे न्यायला घरी आलो तर वडील त्या खोलीत हंड्याशी उभे होते. सून नाही, म्हणून स्वतःच सोवळं नेसून पाणी काढायला गेले होते. "काही तरी हलतंय रे यात," म्हणाले. मी मोबाइलचा टॉर्च लावला. फडकं एका बाजूने आत घसरलं होतं आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"तपासायला कुणी आलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"आल्या होत्या एक बाई. तुमचं सोवळं म्हणून मी आत येऊ दिलं नाही."

"मला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. तेव्हा ते माडीवर पाठ करत होते. दहा पायऱ्या चढून गेलो असतो तरी झालं असतं.

"अरे, उजेडाला कसलं सोवळं?" ते म्हणाले. "हात लावू नका म्हटलं असतं, झालं. व्रत माझं आणि बुखार तिला?"

आम्ही दोघांनी मिळून हंडा कलता केला आणि अंगणाच्या कोरड्या फरशीवर ओतला. त्या वर्षी पुढचे दोन महिने वडील नदीचं गढूळ पाणी तुरटी फिरवून, उकळून, घट्ट झाकणाच्या कळशीत ठेवून प्यायले. व्रत काही मोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोच्या प्लेटलेट वर सरकल्या. ती उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईनची सुई, ओठ सुकलेले. मी तिला हंड्याचं सगळं सांगितलं. बाबांना विचारायला हवं होतं, हेही कबूल केलं.

"बाबांना?" ती म्हणाली. "त्या खोलीत रोज मी बसते. मी म्हटलं होतं की बघू द्या."