बायजाबाईनं सोडलेली गोळी

सानगडीत दारू पिऊन येणाऱ्याला पोलिसापेक्षा बायजाबाईचा धाक जास्त. बाईनं मोहाच्या दारूचे माठ फोडलेत, भर बाजारात पुरुषांच्या कानशिलात दिल्यात. विहारात पंचशील घेताना पाचव्या शीलाला, म्हणजे नशा न करण्याच्या शपथेला, तिचा आवाज असा चढायचा की मागच्या रांगेतले माना खाली घालत. बाई चांगलीच, पण जीभ म्हणजे दाभण.

आणि अशा बाईच्या उशाखाली झोपेच्या गोळ्यांची पट्टी असायची. नवरा शेजारी झोपल्याझोपल्याच गेला, तेव्हापासून तिला अंथरुणाचीच भीती बसली. डॉक्टरनं लिहून दिली तेव्हा अर्धी गोळी तिला उन्हं वर येईपर्यंत उठू देत नसे. मग गोळी अंगवळणी पडली. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. आता तीन घेऊनही ती आढ्याकडे बघत पडे. डॉक्टरकडे जायचं तिनं कधीच सोडलं होतं, जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पट्टी काढून देई. औषधच ते, त्यात लाजायचं काय, असं ती स्वतःला सांगे. पट्टी मात्र पदराआड धरून आणी.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मेडिकलवाल्यानं हात वर केले. नवी चिठ्ठी आणा, म्हणाला. बायजाबाई आधी भांडली, मग चक्क हात जोडू लागली. नेमका तेव्हाच मागे तिचा पुतण्या भुपेंद्र येऊन उभा राहिला. गावातला पट्टीचा पिणारा, बायजाबाईच्या शिव्यांचा रोजचा धनी.

"मोठमाय," तो हसला, "माही बाटली न तुही पट्टी. फरक काय होय?"

"औषध होय थे माह्यं!"

"मंग हात काहून कापून राहिला तुहा?"

हात खरंच कापत होता. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिला त्या दुकानात पहिल्यांदाच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला व्रताचा काळ, सुरू झाला. भंतेजींनी शील दिलं, आणि पाचवं शील म्हणून होताच बायजाबाई उठली ती थेट भुपेंद्रपुढे गेली.

"मी आजपासून गोळी सोडतो. तू दारू सोड. पायू कोन मोडते!"

सगळ्यांदेखत डिवचल्यावर तो तरी कसा माघार घेईल? घेतली शपथ त्यानंही. लोकांनी 'साधू, साधू' म्हटलं. घरी येऊन तिनं उरल्यासुरल्या गोळ्या चुलीत टाकल्या.

यात काही वाकडं होईल असं कोणाच्या मनातही आलं नाही. दोन दिवसांत तिचं अंग घामानं निथळू लागलं, हात थांबेनात, डोळ्याला डोळा लागेना, तरी तिसऱ्या दिवशी बाई रोवण्याला, भाताच्या लावणीला, बांधीत उतरली. सून रेणू घरी चला म्हणून मागे लागली.

"जहर निंगून राहिलं अंगातलं," बायजाबाई म्हणाली. "शीलाचा गुन होय. निंगू दे."

आणि हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, मूठ घेऊन ती वाकली ती तशीच चिखलपाण्यात तोंडघशी कोसळली. दातखीळ बसलेली, हातपाय झाडत होती. रेणूनं केसांना धरून तोंड वर ओढलं म्हणून वाचली.

साकोलीच्या दवाखान्यात सुई देऊन झटके थांबवले. शुद्ध आली तेव्हा समोर तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रेणूनं दाखवलेल्या जुन्या चिठ्ठीवरची तीच गोळी त्यांच्या तळहातावर.

"आजी, ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. शरीराला सवय झाली आहे तिची. पुन्हा सुरू करायची आणि कित्येक महिने थोडी थोडी कमी करत न्यायची. नाहीतर जीव जाईल."

"गेला त जाऊ द्या. शील घेतलं मी."

रेणूचा चेहरा उतरला. "मॅडम, रोजची दारू एकदम सोडली तं?"

"तेच. तिथंही जीव जातो. का?"

रेणूनं भुपेंद्रच्या बायकोला, चंदाला, व्हिडिओ कॉल लावला. भुपेंद्र अंगणात बसला होता, अंगावर नसलेले किडे झटकत. मागे अख्खा मोहल्ला जमलेला.

"गाडी उभी हाये, पन थो बसतच नाई," चंदा रडत होती. "मोठमायले शब्द देला म्हनते."

बायजाबाईनं मोबाइल हातात घेतला. "बस गाडीत, भुपेंद्र."

"तिथं गोळ्या देतीन," तो अडखळत म्हणाला. "तू खाल्ली का?"

तिनं मोबाइलच्या पडद्यावर नजर फिरवली. त्या गर्दीत तिनं ज्यांच्या बाटल्या फोडल्या होत्या तेही उभे होते, आणि ते तिला दिसत होते. मरण सोपं वाटलं तिला त्या क्षणी, खरंच वाटलं. पण मरणार होता तो पोरगा, आणि तिच्या शब्दापायी.

तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातावरची गोळी उचलली, मोबाइलसमोर धरली, जिभेवर ठेवली आणि पाणी प्याली. मग लहान मूल दाखवतं तसा आ करून दाखवला.

"मोठमाय... तू मोडलं?"

"मोडलं, बाबू. ऊठ."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बायजाबाईनं ते ऐकलं, पण मोबाइल हलवला नाही. चंदानं भुपेंद्रला काखेत धरून उठवलं, आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत बाई तशीच, तोंड उघडं ठेवून बसून राहिली.