नॉरिसचा रस्त्यावरचा नमस्कार

इंग्लंडातल्या विलनहॉलच्या कुलपांच्या कारखान्यात नॉरिस ट्रँटरने उभी हयात घालवली. कारखाना बंद झाला त्या दिवशी फाटकाबाहेर आम्ही घोषणा देत होतो आणि हा आत शांतपणे आपल्या यंत्राला तेल घालत होता. माझं डोकंच फिरलं.

"अरे, बाहेर ये की! तुझ्यासाठीच घसा फोडतेय इथे!"

"यंत्राने काय गुन्हा केलाय, पुढारीणबाई?" तो म्हणाला.

तेव्हापासून आमची दोस्ती. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. एकाच सरकारी इमारतीत आम्ही राहतो, तो तळमजल्यावर आणि मी वर. मोटारसायकल मला त्यानेच शिकवली, भरपूर शिव्या देऊन. दर सप्टेंबरात एक शनिवार-रविवार आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर श्रॉपशरच्या डोंगरांत जातो. त्याची बायको एनिड गेल्यावरही हा नेम मोडला नाही.

एनिड गेल्यावर नॉरिसच्या घरात बोलायला माणूस उरलं नाही. बाहेर तरी कुठे उरलंय? दुकानात आपला माल आपणच यंत्रासमोर धरायचा. बँकेची शाखा बंद. बसचा ड्रायव्हर काचेआड. या सगळ्यावर मी नगरपालिकेच्या सभांत टेबलं बडवलीत. नॉरिसने कधी तक्रार केली नाही. त्याला रस्ता होता.

आमच्याकडे समोरून मोटारसायकल आली की ओळख असो वा नसो, मान हलवायची. उजवा हात वेगाच्या मुठीवर अडकलेला, म्हणून हात नाही, मान. जरा उजवीकडे झुकवून, पटकन. पोरगेला असो की म्हातारा, महागडी गाडी असो की खटारा, उत्तर येतंच. नॉरिसची मान अशी अदबीने झुकायची की वाटावं, जुना सोयराच भेटला.

यंदा शनिवारी तो नेहमीसारखा पुढे होता आणि मी मागे. क्लन गावाच्या वाटेवर एक हिरवी मोटारसायकल समोरून आली. स्वाराने मान हलवली. नॉरिस ताठच. मला वाटलं, लक्ष नसेल. थोड्या वेळाने एक व्हॅन आली, एक दिवा फुटलेली. नॉरिसने तिला झुकून नमस्कार घातला. मी हेल्मेटच्या आत हसले. पुढे एका ट्रॅक्टरलाही घातला, तेव्हा हसू विरलं.

चहाच्या टपरीवर मी विचारलंच. "तो व्हॅनवाला कोण रे तुझा?"

"ओळखीचा आहे."

"नाव सांग."

"सगळ्यांची नावं काय पाठ असतात?"

"बरं, समोरच्या गाडीचा नंबर वाच."

त्याने घडाघडा वाचला.

"म्हाताऱ्या, ती माझी गाडी आहे. ती तुला पाठ आहे. पलीकडची वाच."

"तुझा चहा निवतोय."

सत्तरी उलटली की लायसन्स चालू ठेवायला आपणच लिहून द्यायचं की मला नीट दिसतं. कुणी तपासायला येत नाही. नॉरिसने लिहून दिलं होतं. मी चिडले. एखाद्या नगरसेवकाने हे केलं असतं तर मी त्याला चौकात उभा केला असता, हेही ऐकवलं.

त्याने कप खाली ठेवला. "आठवडाभर माझ्याकडे मान वर करून कोण बघतं, सांग. तू बघतेस, तुला वेळ असेल तेव्हा. इथे एका दिवसात किती जण बघतात! ते मला ओळखत नाहीत, कबूल. पण बघतात ना? गाडी सोडली की मी संपलो, ग्लेनिस."

"आता घरापर्यंत माझ्या मागे राहायचं," मी म्हणाले. "सावकाश. मग बघू." मीही कच्ची पडले, दुसरं काय.

रविवारी सकाळी उंच कुंपणांच्या अरुंद वाटेवर घोडा दिसला. वर एक बाई, अंगात झगझगीत पिवळं जाकीट. घोडा दिसला की आम्ही कडेला थांबतो, इंजिन बंद करतो. मी थांबले. मागून नॉरिस आला आणि न थांबता मला ओलांडून थेट पुढे गेला.

मी किंचाळले. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि बाई गवतात आपटली. नॉरिसने करकचून ब्रेक लावला, गाडी आडवी होता होता राहिली.

बाई उठली, आधी तिने घोड्याचे पाय चाचपले. मग नॉरिसवर धावून गेली. "आंधळा आहेस का रे?"

माझ्या तोंडात भांडण तयार होतं. रस्ता अरुंद आहे, वळण आहे, दगड आहेत. नॉरिसने मला हाताने थांबवलं, हेल्मेट काढलं.

"हो," तो म्हणाला. "जवळजवळ."

बाईचा आवाज एकदम खाली आला. "अहो, मग..."

"लागलं का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही," म्हणत त्याने किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्या बाईने त्याची गाडी आपल्या तबेल्यात ठेवून घेतली. ती आणायला मी येईन, हे ठरलं. त्याला गावाहून बसने पाठवावं म्हटलं, तर रविवारची बस बंद. आमच्याकडची अशीच बस वाचवायच्या लढाईत मीही हरले होते. शेवटी तो माझ्या मागे बसला. माझी कंबर धरली नाही, सीटमागची दांडी धरली.

समोरून मोटारसायकली येत होत्या. मी मान हलवत होते. एका चढावर मी ओरडून सांगितलं, "तुझ्यातर्फेही नमस्कार करतेय हं!"

"नको," मागून आवाज आला. "गाडी चालवणाऱ्यानेच करायचा असतो."

तसेच आम्ही विलनहॉलला पोहोचलो.

इमारतीच्या दारात मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी येते चहाला."

"उद्या तुझी सभा आहे."

"सभेनंतर येईन."

"सभेनंतर तू तापलेली असतेस."

"मग ऐक ना माझ्या शिव्या. तेवढंच कुणीतरी बोलेल तुझ्याशी."

तो जरासा हसला, दार लावून घेतलं. मी जिना चढले. खाली त्याचा रेडिओ लागला. कुणीतरी हवामान सांगत होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने तो बंद केला.