चाऱ्याच्या खोलीतला फळा

सकवारबाईंना घोड्यांची भीती वाटायची, हे आता कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. लग्नानंतरची तीस वर्षं त्या शहरात वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. नवरा संध्याकाळी दारात आला की त्याला आधी आंघोळीला पिटाळायच्या. राममूर्ती राव शर्यतीच्या घोड्यांच्या एका तबेल्यात कारकून होते. कारकुनाला घोड्याला हात लावायचं काही कारण नसतं. राममूर्ती लावायचे. अंगाला वास यायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर तांबरमच्या पलीकडे अडीच एकर जमीन घेतली आणि दोघं तिथे राहायला गेले. बाईंना वाटलं, नारळ लावतील. नारळ लावलेही. पण वर्ष संपायच्या आत एका ट्रकमधून एक पांढरा घोडा खाली उतरला. धावण्याचं वय सरलेला. शर्यतीतलं त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तो कुणाकडे मान वळवून बघायचा नाही, म्हणून राममूर्तींनी त्याचं नाव दुरै ठेवलं. दुरै म्हणजे साहेब. मागून मल्ली आली, समुद्रकिनाऱ्यावर मुलांना पाठीवर घेऊन थकलेली तांबडी घोडी.

सहा वर्षांपूर्वी राममूर्ती गेले. मूलबाळ नव्हतं. नातेवाईक म्हणाले, घोडे देऊन टाक, परत ये. बाई म्हणाल्या, महिनाभराने येते. त्या महिन्यात एका सकाळी कुंपणाशी उभ्या असताना दुरैने मागून येऊन त्यांच्या मानेवर श्वास सोडला. गरम, गवताचा वास असलेला. बाई भीतीने हलल्या नाहीत. मग भीती नव्हती तरी हलल्या नाहीत. वेस्ट मांबलमचा फ्लॅट त्यांनी पुढच्या वर्षी भाड्याने दिला.

तिथला दिवस पहाटे कुळीथ शिजायला ठेवण्यापासून सुरू व्हायचा. गावातली कनका सायकलवरून यायची, शेण काढायची, गवत कापायची. बाई कॉफी घेऊन पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसायच्या आणि दोन घोडे चंदी खात असल्याचा आवाज ऐकायच्या. त्या म्हणायच्या, या आवाजापुढे मला गाण्याची कचेरी नको. डिसेंबरात शहरात गाण्यांचे कार्यक्रम असत, जुन्या मैत्रिणी बोलवत. बाई जात नसत.

ऋजुता आली ती दोन वर्षांपूर्वी. सांगलीची मुलगी, मराठी घेऊन एम.ए. केलेली, सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरीला. तिला कुणाकडून तरी कळलं की इथे एक मराठी बोलणारी बाई घोडे पाळते. रविवारी दोन बस बदलून ती आली आणि मग येतच राहिली.

"काकू, याला काय म्हणतात?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"काकू कोण? अक्का म्हण. काकू म्हटलं की मला मागे वळून बघावं लागतं, कोण आलंय ते." बाईंची मराठी तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहून तमिळ चालीची झाली होती. "तो खरारा. घोड्याचं अंग घासायचा."

"खरारा! हा शब्द मी फक्त पुस्तकात वाचलाय."

"पुस्तकात घोडा कसा घासणार? घे, इकडून चालू कर."

बाईंच्या घरात पागा, चंदी, तोबरा हे शब्द रोजच्या वापरातले होते. ऋजुता ते वहीत लिहून घ्यायची. बाईंना मजा वाटायची. आपल्या तोंडचं कुणी लिहून घेतंय असं त्यांना शाळा सुटल्यापासून वाटलं नव्हतं.

चाऱ्याच्या खोलीत एक फळा होता. शाळेने मोडीत काढलेला, राममूर्तींनी उचलून आणलेला. त्यावर त्यांच्या हातची यादी अजून तशीच होती. मल्लीला चंदी दोन मापं. दुरैला दीड. मीठ किती. पावसानंतरचं नवं गवत, एक तास, जास्त नाही. बाईंना ती यादी पाठ होती. फळा फक्त होता म्हणून होता.

गेल्या पावसाळ्याआधी बाई फार गप्प असायच्या. गुडघे दुखत होते. राममूर्तींच्या श्राद्धाचा आठवडा होता. ऋजुता म्हणाली, "आमच्या ऑफिसात एक करायला लावतात, अक्का. रोज एक चांगली गोष्ट लिहायची. छोटीशी. दिवसभरात जे मिळालं ते."

"मिळालं त्याचं काय लिहायचं? मिळालं ना."

"लिहून तर बघा. तक्रार लिहायची नाही. चांगलंच लिहायचं."

बाईंनी फडकं घेतलं. फळ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग राममूर्तींची यादी पुसली आणि आपल्या शाळेतल्या बारीक अक्षरात तारीख घालून पहिली ओळ लिहिली. आज मल्लीने माझ्या हातून केळ्याची साल घेतली, बोट चावलं नाही.

ऋजुता हसली. बाईही हसल्या.

आणि खरंच, त्यांना बरं वाटायला लागलं. सकाळी उठल्यापासून त्या लिहिण्याजोगं काही शोधायच्या. नारळाच्या झावळीत घारीचं घरटं. कनकाच्या मुलीचा पहिला पगार. विमानतळाकडून आलेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं आणि दोन्ही घोड्यांनी मानही वर केली नाही. फळ्यावर महिनाभराच्या ओळी मावायच्या. भरला की पुसायचा आणि परत सुरू.

नोव्हेंबरात, तिकडच्या पावसाळ्यात, पाऊस चांगला झाला. डिसेंबर लागला तेव्हा मागच्या तुकड्यात गवत घोट्याच्या वर आलं होतं, हिरवं, लुसलुशीत. राममूर्ती या दिवसांत घोड्यांना तिथे तासभर सोडायचे आणि घड्याळ बघून बाहेर काढायचे. बाईंना तो कंजूषपणा वाटायचा. दुरै आता चोवीस वर्षांचा होता. किती पावसाळे उरले असतील त्याचे? त्यांनी फाटक सकाळी उघडलं आणि संध्याकाळी लावलं. त्या दिवशी लिहिलं, दुरैने आयुष्यात पहिल्यांदा पोटभर हिरवं खाल्लं.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सकाळी गारवा असतो. एका अशाच सकाळी कनका म्हणाली, "टीचर, हा काट्यावरून चालल्यासारखा चालतोय."

"सकाळी सकाळी रडगाणं नको, कनका. आधी एक चांगलं सांग."

कनकाने विचार केला. "गवत चांगलं आलंय."

बाईंनी ते लिहिलं. दोन-तीन दिवसांनी कनका परत काही म्हणायला लागली, तेव्हा बाईंनी नुसतं बोट वर केलं, वर्गात करायच्या तसं. मग कनकाने बोलणं सोडलं. रोज एक चांगलं सांगायची आणि कामाला लागायची.

जानेवारीत पोंगलच्या आधी डॉक्टर मुरलींचा फोन आला. मुरली एकेकाळी दहावी ब मध्ये बाईंच्या हाताखाली होते. आता घोड्यांचे डॉक्टर होते आणि वर्षातून दोनदा येऊन दोघांना बघून जायचे.

"टीचर, दोघं कसे आहेत?"

"मजेत. दुरै तर लहान झालाय. पाण्यात काय खेळतो."

"चालतोय नीट?"

"साहेबासारखा. सावकाश, रुबाबात."

मुरली हसले. पोंगल झाल्यावर येतो, मल्लीचे वाढलेले दात कानशीने घासायचे राहिलेत, असं म्हणाले.

ते आले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दुरै नारळांच्या पलीकडे उन्हात आडवा पडला होता. मुरलींनी गाडीतूनच त्याच्याकडे बघितलं. उतरल्यावर परत बघितलं. मग हत्यारांची पेटी ठेवायला म्हणून चाऱ्याच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाई कॉफी घेऊन गेल्या. मुरली फळ्यासमोर उभे होते.

दुरै आज नळाखालच्या चिखलात तासभर उभा राहिला, या वयातही पाण्याची हौस आहे. दुरै आज दहापर्यंत उन्हात लोळला. दुरैने माझ्या खांद्यावर मान टाकली, सगळा भार माझ्यावर. दुरै आता भांडत नाही, मल्लीला पुढे जाऊ देतो. आज दुरैने उभ्या उभ्या एक पाय, मग दुसरा पाय, असा नाच केला.

मुरलींची नजर तारखा वाचत खाली आली. मग परत वर गेली. बाईंना वाटलं, कौतुक करतायत.

"टीचर," ते म्हणाले. "निरीक्षण सगळं बरोबर आहे."



बाईंच्या वर्गात प्रयोगवहीच्या डाव्या बाजूला जे दिसलं ते लिहायचं, उजव्या बाजूला त्यावरून काय कळलं ते. दोन्हींची सरमिसळ केली की बाई वही परत द्यायच्या. तीस वर्षं दिल्या. त्यांनी कॉफीचा पेला चंदीच्या पिंपावर ठेवला आणि फळ्याकडे बघितलं. एकेक ओळ. चिखल. ऊन. खांदा. नाच. कुणी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. गरज नव्हती.

"पाय," त्या म्हणाल्या.

"पुढचे दोन्ही. खूर आतून तापून येतात. गार चिखल बरा वाटतो."

ते दोघं दुरैपाशी गेले. तो उठायला बघत होता. उठला नाही. मुरली खाली बसले, खुराच्या वर बोटं ठेवून जोरात उडणारी नाडी बाईंना दाखवली, मग तळवा बघितला. तळव्याच्या मध्याला फुगवटा आला होता. आतलं हाड फिरून खाली आलंय, ते म्हणाले. आणखी थोड्या दिवसांत तळवा फोडून बाहेर येईल.

"नव्या गवताने?" बाईंनी विचारलं.

मुरलींनी होकारार्थी मान हलवली.

"डिसेंबरात तुला सांगितलं असतं तर?"

"प्रयत्न केला असता, टीचर."

"मी ते विचारलं नाही. वाचला असता?"

मुरली पन्नाशीला आलेला माणूस. पण बाईंसमोर त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "बहुतेक," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीही फोनवर हसलो. मी यायला हवं होतं."

कनका फाटकाशी उभी होती, हातात गवताचा भारा तसाच.

"त्याला असं ठेवणं बरं नाही," मुरली हलकेच म्हणाले. "मी आज करू शकतो. उद्या सकाळीही येऊ शकतो. तुम्ही म्हणाल तसं."

उद्या, असं बाईंच्या ओठांवर आलं. उद्या सकाळी त्याला ऊन मिळेल. संध्याकाळी त्याच्यापाशी बसता येईल. परवा रविवार, ऋजुता येईल. एवढं सगळं चांगलं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यातलं एकही दुरैसाठी नव्हतं. त्याला उन्हात फक्त पडून राहायचं होतं, कारण उभं राहणं जमत नव्हतं.

"आज," त्या म्हणाल्या.

दुपारी जेसीबी आला आणि नारळांच्या मागे खड्डा झाला. त्याआधी बाई दुरैचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मुरलींनी दोन सुया दिल्या, एक झोपेची, एक शेवटची. मध्ये थोडा वेळ होता. बाईंनी त्याच्याशी काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं. आभार मानावेत असं मनात होतं. सहा वर्षांचं बरंच होतं त्यांच्याजवळ. पण आजवर त्या फळ्यावर रोज तेच करत आल्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसल्या, श्वास थांबेपर्यंत.

रविवारी ऋजुता आली. गाजरं घेऊन आली होती. तिला आधी काही कळवलेलं नव्हतं. पागेतली रिकामी जागा बघून ती उभीच राहिली. बाईंनी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. फळा, गवत, कनकाचं बोलणं, मुरलींचा फोन.

"मी सांगितलं होतं तुम्हाला लिहायला," ऋजुता म्हणाली. "तक्रार लिहायची नाही, असंही मीच म्हटलं."

"तू पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर. बघायचं कसं हे शिकवायला मला ठेवलं होतं, तुला नाही." बाईंचा आवाज कोरडा होता. "गाजरं मल्लीला दे. तुकडे करून दे, दात घासायचे राहिलेत."

ऋजुताने गाजरं कापली. तुकडे लहानमोठे झाले. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि शिकलेले सगळे शब्द जवळ असून एकही बसत नव्हता. संध्याकाळच्या बसने ती गेली.

सोमवारी सकाळी कनका सायकल लावून आत आली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, "मल्ली छान पाणी प्यायली, टीचर."

"चांगलं नंतर. आधी सांग, काय बिघडलंय?"

कनका गोंधळली. तिने मल्लीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "काही नाही, टीचर."

"नीट बघून सांग."

"बघितलं, टीचर. सगळं बरं आहे."

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खरंच बरं असेल. किंवा टीचरला काय आवडतं ते कनकाला महिनाभरात पाठ झालं असेल. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत नव्हतं, आणि परत विचारलं तरी कळणार नव्हतं. चांगली विद्यार्थिनी होती ती.

कनका शेण काढायला गेली. बाईंनी कुंपणाला धरून एक गुडघा टेकवला, मग दुसरा. मुरलींनी दाखवलं होतं तसं मल्लीच्या पुढच्या पायाला खुराच्या वर दोन बोटं लावली आणि नाडी शोधायला लागल्या. लवकर सापडली नाही. मल्ली मान खाली घालून त्यांच्या केसांना हुंगत होती. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.