हमरियाच्या गोदामात उतरलेला घाट

दुबईला निघताना चिवडा, लोणचं, गोडा मसाला असा सगळा ऐवज विमानाच्या पोटात दिला आणि एक जुनी कॅसेट तेवढी शर्टाच्या खिशात ठेवली. पुणे विमानतळावर तपासणीच्या मुलीने ती उलटीपालटी करून विचारलं, "काका, हे काय असतं?"

"गेम आहे."

तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि जाऊ दिलं.

गेमच होता. आम्ही साताऱ्याला शाळेत असताना मामाने दुबईहून कॉम्प्युटर आणला होता. नुसता कळफलक, टीव्हीला जोडायचा. बंद केला की सगळं विसरायचा, म्हणून गेम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचे आणि टेपरेकॉर्डर लावून परत चढवायचे. अरुणदादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, चौकटीच्या वहीत आखून स्वतः एक गेम लिहिला. घाटातून एसटी उतरते आणि समोर म्हशी येतात. कोणी पुसू नये म्हणून त्याने कॅसेटच्या पाठीवरची खिटी मोडून टाकली. खिटी मोडली की टेपरेकॉर्डर तिच्यावर काही नोंदवत नाही.

पण मोडल्या जागी चिकटपट्टी लावली तर नोंदवतो. हा शोध मी अकराव्या वर्षी लावला आणि वक्तृत्व स्पर्धेची तालीम दादाच्या म्हशींवर ठोकून दिली. त्याच आठवड्यात विजेच्या झटक्याने कॉम्प्युटर जळाला, कॅसेट ट्रंकेत गेली आणि मी सुटलो.

म्हणजे सुटलो असं समजून चाळीसेक वर्षं जगलो. मग दादाचा फोन आला. "पश्या, येताना ती कॅसेट आण. इथे ती चालवणारा माणूस सापडलाय. रेवाला गेम दाखवायचाय." रेवा ही त्याची मुलगी, तिथेच वाढलेली, कॉलेजात शिकते. 'सापडत नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते मला फोन ठेवल्यावर सुचलं.

दादाचं घर अल बर्शाला. वहिनींनी केलेला कोळंबीभात चेपून खाल्ला आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाडीने हमरिया फ्री झोनला निघालो. शारजा गेलं, अजमान गेलं. उंच इमारती मागे पडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळट, सपाट वाळू पसरली. वाटेत करक (दाट उकळलेला दुधाचा चहा) घेताना मी धीर करून म्हटलं, "दादा, कॅसेटचं एक सांगायचं होतं..."

"यल्ला (चला), गेट पास बारापर्यंतच आहे," दादा म्हणाला. मी चहाबरोबर बाकीचं वाक्यही गिळलं.

दादाला सापडलेला माणूस म्हणजे इक्बालभाई, राजापूरकडचे. त्यांच्या कंपनीत युरोपातून जुन्या विजेच्या वस्तूंचे कंटेनर येतात. त्यातले खेळ ते मालकाच्या परवानगीने बाजूला काढतात आणि दुरुस्त करतात. गोदामाच्या कोपऱ्यात ओळीने मांडलेले. पहिल्या पडद्यावर नुसत्या दोन रेघा आणि एक ठिपका. रेघ म्हणजे बॅट, ठिपका म्हणजे चेंडू. पुढे कपाटाएवढी नाणी टाकायची यंत्रं, मग गेमचा खोका (कार्ट्रिज) खोचून खेळायची, मग आमच्यासारखे कॅसेटवाले कॉम्प्युटर.

मी त्या ठिपक्यापाशीच थबकलो. तोवर टीव्ही दाखवायचा आणि माणसं बघायची. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हा आपलं ऐकेलसुद्धा. बटण फिरवलं की रेघ हलते, एवढंच. पण पहिल्यांदा हलली असेल तेव्हा त्या माणसाचा श्वास थांबला असेल. माझाही थांबला, आणि तेवढ्यात चेंडू सुटला.

"काका, यू आर लूजिंग टू अ डॉट," रेवा म्हणाली.

"आणा कॅसेट," इक्बालभाई म्हणाले. त्यांनी ती लावली, आवाजाचं बटण जपून फिरवलं.

"सन्माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजन," एक चिरका आवाज गोदामभर घुमला, "आज मी 'वेळेचे महत्त्व' या विषयावर..."

"हा कोण लेक्चर देतोय?" इक्बालभाईंचं बोट बटणाकडे गेलं.

"राहू दे, इक्बालभाई," दादा म्हणाला. "सहा मिनिटांचं आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "तुला माहीत होतं?"

"कॉम्प्युटर जळल्यावर नुसता आवाज ऐकावा म्हणून लावली होती. तू कधी सांगतोस ते बघत होतो."

"मग आज काय दाखवणार होतास?"

"टेपचा भरवसा नसायचा, म्हणून मी गेम लागोपाठ दोनदा नोंदवायचो. भाषणाच्या पुढे गेमची किरकिर ऐकली होती. दुसरी प्रत पूर्ण आहे की तू तीही खाल्लीस, ते कळायला मशीन कुठे होतं?"

सहा मिनिटं मी स्वतःचं भाषण उभ्याने ऐकलं. एवढी शिक्षा शाळेतही झाली नव्हती. शेवटी 'जय हिंद' झालं आणि मागून, लांबून, आईचा आवाज आला. "पश्या, झालं का रे? अरुणला हाक मार, ताटं वाढलीत."

आई जाऊन बारा वर्षं झाली. दादा पुटपुटला, "हे विसरलोच होतो." इक्बालभाईंनी नजर खाली केली.

मग किरकिर सुरू झाली. पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावू लागले. पट्टे थांबले, पडदा काळा झाला. मला वाटलं, खलास (संपलं). आणि वरून दोन तिरक्या रेघांचा घाट उतरत आला, मधे चौकोनी एसटी, समोर चार ठोकळ्यांची एक म्हैस.

रेवाने पहिल्याच म्हशीला धडक दिली. पुन्हा सुरू केलं. "लेफ्ट, लेफ्ट घे," दादा तिच्या मागून म्हणत होता.

"बाबा, यू मेड धिस? फ्रॉम नथिंग?"

"चौकटीच्या वहीतून," दादा म्हणाला.

रेवा पुढचा तासभर मान वर न करता घाट उतरत होती. बारा वाजून गेले, गेटवर बोलणी मी खाल्ली.

निघताना दादाने कॅसेट माझ्याच खिशात घातली. "तुझ्याकडे असू दे. इतकी वर्षं राहिलीच आहे." घरी आल्यावर ती बाहेर काढली आणि पहिल्यांदाच नीट पाठ चाचपली. माझी चिकटपट्टी नव्हती. दादाने ती तेव्हाच, कॅसेट ट्रंकेत जाण्याआधी, सोलून काढली असणार. मोडलेल्या खिटीची जागा पुन्हा उघडी होती. आता तिच्यावर कुणाला काही नोंदवता येणार नाही. म्हशी, आईची हाक आणि ते भिकार भाषण, सगळंच त्याने राखून ठेवलं होतं.